एकच खोटं अपील

चषकावर कोरलेलं आपलं नाव बघून गुणवंत पेडणेकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चषकाला नाव द्यायचं ते माणूस गेल्यावर, एवढी साधी अक्कल या लोकांना नसावी याचं त्याला नवल वाटलं नाही, नुसता राग आला. सोसायटीचा सेक्रेटरी चंदन शहा रविवारी सकाळी नऊ वाजता न सांगता उगवला होता, सोफ्यावर ऐसपैस बसला होता, आणि पिशवीतून काढलेला तो पितळी मुलाम्याचा, दोन्ही बाजूंना पंख फुटलेला चषक त्याने टीपॉयवर वर्तमानपत्राच्या डोक्यावर ठेवला होता. ‘गुणवंत पेडणेकर खिलाडूवृत्ती चषक’. अक्षरं जरा तिरकी गेली होती. ‘सरप्राइज, अंकल!’ चंदन म्हणाला. ‘सव्वीस जानेवारीला आपल्या बॉक्स क्रिकेटची फायनल आहे ना, तेव्हा तुमच्या हाताने द्यायचा. अख्ख्या बेव्हर्ली पार्कमध्ये दुसरा इंटरनॅशनल प्लेयर दाखवा! मी नेटवर सगळा वाचला तुमच्याबद्दल. सुनो.’ आणि त्याने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचायला सुरुवात केली. चार वनडे. तीन कॅच. स्टंपिंग झीरो. रन एकोणीस. हे सगळं त्याने लग्नाचं मेन्यूकार्ड वाचावं तशा उत्साहाने वाचलं, झीरोसुद्धा. मग आवाज चढवून म्हणाला, ‘आता हे ऐका. कारकिर्दीत एकदाही खोटं अपील न केलेला यष्टिरक्षक म्हणून ओळख. क्या बात है! आजकल असा कोण असतो, अंकल?’

गुणवंतचे हात कोमट पाण्याच्या घमेल्यात होते. दहातली सात बोटं कधी ना कधी मोडलेली, थंडी पडली की ती दुखत, आणि सकाळी अर्धा तास ती पाण्यात धरल्याशिवाय शर्टाची बटणं लागत नसत. चंदन दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, ‘आणि हां, स्टेजवर तुमच्या बाजूला एक लोकल ओल्ड प्लेयर पण बसवणार. गोडदेवचे विठू भोईर. आमचा केबलवाला बोलला, ते पण तुमच्यासोबत खेळलेत म्हणून. पुराने दोस्त! मस्त ना?’ दार लागलं. पाणी एकदम गार झाल्यासारखं वाटलं. स्वयंपाकघरातून मृणालिनी म्हणाली, ‘गेला का? चहा तरी विचारायचा.’

विठू भोईर जिवंत आहे हे गुणवंतला माहीत होतं. तो चार किलोमीटरवर राहतो हेही माहीत होतं. शहाण्णव साली गिरगावातली खोली सोडून मिरा रोडला घर घेतलं, तेव्हा एजंटाने नकाशा पसरून भाईंदर पूर्वेवर बोट ठेवलं होतं आणि गोडदेव हे नाव वाचल्यावर गुणवंतने घाईघाईने ‘तिकडे नको, इकडे’ म्हटलं होतं. इकडे म्हणजे तरी किती इकडे? एका रिक्षाच्या अंतरावर. इतकी वर्षं तो वाटेतल्या गोल्डन नेस्ट चौकाच्या पुढे गेला नव्हता. भाजी, दवाखाना, लग्नकार्य, सगळं अलीकडे. कोणी तिकडे बोलावलं तर गुडघा पुढे करायचा. गुडघा काय, कीपरला नेहमीच दुखतो, कोणी शंका घेत नाही.

आता स्टेजवर शेजारी शेजारी. हा चंदन शहा माइक घेऊन ते वाचून दाखवणार, एकदाही खोटं अपील न केलेला, आणि विठू तिथेच बसून ऐकणार. हसेल? का उठून सांगेल? गुणवंतने हात पाण्यातून काढले आणि न पुसताच गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली पार्किंगमध्ये टेनिस बॉलने क्रिकेट चाललं होतं आणि प्रत्येक चेंडूला अकराच्या अकरा जण बोंबलत होते. पॅडला लागलं तरी अपील, हवेत गेलं तरी अपील, कशालाही न लागता मागे गेलं तरी अपील. टीव्हीवरही तेच, कोट्यवधीचे कीपर फेरीवाल्यासारखे ओरडतात आणि कॉमेंट्रीवाले त्याला एनर्जी म्हणतात. त्याच्या वेळी असं नव्हतं असं तो सगळ्यांना सांगे. त्याच्या वेळीही असंच होतं. फक्त तो तसा नव्हता. सतराव्या वर्षी क्लबच्या मॅचमध्ये अंपायरने बाद दिलेल्या माणसाला त्याने परत बोलावलं होतं, ‘माझ्या हातात यायच्या आधी टप्पा पडला होता’ म्हणून, आणि त्यापायी कॅप्टनची थोबाडीत खाल्ली होती. पण तेव्हापासून मैदानावर त्याचा शब्द झाला. ‘गुण्या ओरडला म्हणजे लागलाय,’ असं अंपायर आपसांत म्हणत. आत्माराम परुळेकर नावाचे एक म्हातारे अंपायर होते, पांढरा कोट, खिशात शेंगदाणे. ते तर उघड म्हणायचे, ‘माझे कान गेले तरी चालतील, पेडणेकर आहे ना मागे.’ अशी पत माणूस दहा वर्षं दाण्यादाण्याने जमवतो. गुणवंतने ती एका दुपारी एकरकमी उधळली.

छत्तीस वर्षांपूर्वीची निवड चाचणी. मुंबईला कीपर हवा होता आणि दोनच नावं उरली होती, गुणवंत पेडणेकर आणि विठू भोईर. निवडसमितीतल्या एकाने चहाच्या वेळी सरळच सांगून टाकलं होतं, कीपिंगला दोघेही सारखे, तेव्हा बॅटिंग करेल तो. विठू तेवीस वर्षांचा. भाईंदरच्या मिठागरात वाढलेला, कोंडीत, मिठाच्या सुकलेल्या वाफ्यात, खेळायला शिकलेला, बोलायला लागला की शिवाजी पार्कवाले हसायचे आणि खेळायला लागला की गप्प व्हायचे. त्या दिवशी तो अडतीसवर होता आणि ते अडतीस असे होते की गुणवंतला मागे बसून आपलं भविष्य बॅटखालून निघून चाललेलं दिसत होतं. मग एक चेंडू लेगच्या बाहेर पडला. विठूने वळवायला बॅट घातली, चुकली. मांडीवरच्या पॅडला चेंडू घासल्याचा आवाज आला, मऊ, उशी झटकल्यासारखा. बॅटचा नव्हे, पॅडचा. गुणवंत डावीकडे झेपावला, टोकाच्या दोन बोटांत चेंडू अडकला, आणि पडल्या पडल्या तो ओरडला. एकटाच ओरडला. बॉलर ओरडला नाही, स्लिप ओरडली नाही. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि हा ओरडतोय म्हणजे लागलाच असणार असं समजून मागाहून हात वर केले. आत्माराम परुळेकरांनी क्षणभरही विचार केला नाही. बोट वर गेलं. विठू जागेवरच वळला, त्याने गुणवंतकडे एकदा पाहिलं आणि बॅट काखेत मारून चालू पडला. काही बोलला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी गुणवंतने एकसष्ट केले आणि मुंबईचे ग्लोव्हज त्याच्या हातात आले.

पुढचं सगळं त्या नजरेने खाल्लं, असं गुणवंतचं ठाम मत होतं. मत कसलं, तो त्याचा धर्मच होता. दोन मोसमांनी भारताच्या कीपरचा अंगठा मोडला आणि गुणवंतला बोलावणं आलं. निळी टोपी, विमान, हॉटेलातला एवढा मोठा टॉवेल, वडिलांनी चाळीत वाटलेले पेढे. पहिला सामना ठीक गेला. दुसराही. तिसऱ्यात एक चेंडू लेगच्या बाहेर आला, फलंदाज चार पावलं पुढे, आणि चेंडू ग्लोव्हजच्या कडेला लागून चौकार गेला. चौथ्यात पुन्हा लेगलाच, या वेळी झेल, सोपा म्हणता येईल असा, आणि गुणवंतला झेप घेता घेता विठूचे डोळे दिसले. निदान हॉटेलवर परतल्यावर तरी त्याला खात्री वाटली की डोळे दिसले होते. झेल सुटला, सामना गेला, गुणवंत गेला. पुढच्या वर्षी मुंबईनेही दुसरा बघितला. राहिली बँकेची नोकरी, बँकेची टीम, मग नुसती बँक. लोक विचारत, काय झालं हो, चारच मॅच? तो हसून ‘नशीब’ म्हणायचा. मनात मात्र त्याच्याकडे पक्कं उत्तर होतं. हातात पाप शिरलं होतं. ते शिरलं नसतं तर चाराचे चाळीस झाले असते, चाळीसाचे कदाचित शंभरही. हे उत्तर जितकं कडू, तितकंच उबदार होतं. पापी माणसाला निदान आपलं काय चुकलं ते ठाऊक असतं. ज्याला तेही ठाऊक नाही त्याने कुणाच्या नावाने बोटं मोडायची?

मृणालिनीला त्याने हे लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितलं होतं. ती म्हणाली होती, ‘मग जाऊन माफी मागा.’ जणू बँकेत जाऊन पासबुक भरून आणा. त्यानंतर कधीही विषय निघाला की ती एवढंच म्हणे, आणि हळूहळू तेही म्हणेनाशी झाली. आज ती पोळ्या लाटत म्हणाली, ‘जायचं नसेल तर त्या चंदनला नाही सांगा. पण माझ्यासमोर तोंड पाडून बसू नका. तीस वर्षं मी तुमच्या त्या अपिलाशी संसार केलाय.’ गुणवंतला तिचा इतका राग आला की पोळीवर तूप घेतलं की नाही तेही त्याला आठवलं नाही. जेवण अर्धं टाकून तो उठला, चपला घातल्या आणि खाली जाऊन रिक्षावाल्याला म्हणाला, ‘गोडदेव नाका.’ रिक्षावाला म्हणाला, ‘पूरा गोडदेव जाने का या नाके पेही?’ ‘पूरा,’ गुणवंत म्हणाला.

मेट्रोचे खांब एकामागून एक मागे पडत होते. गोल्डन नेस्ट आलं आणि गेलं, काहीच झालं नाही. माफी मागायला आपण चाललोय असं तो स्वतःला सांगत होता, पण मनात माफी नव्हती, राग होता, आणि तो विठूवर होता. इतकी वर्षं हा माणूस गप्प का बसला? पेपरवाल्यांना सांगता आलं असतं. गुणवंतचं नाव पहिल्यांदा छापून आलं तेव्हा एक पोस्टकार्ड टाकता आलं असतं. पण नाही, नाकासमोर चालायचं आणि दुसऱ्याला आयुष्यभर टांगून ठेवायचं. आज त्याच्या तोंडून एकदा वदवून घ्यायचं. ‘हो, तू चोर आहेस, तुझ्यामुळे माझं वाटोळं झालं.’ मग चंदनचा चषक खाडीत गेला तरी चालेल. मग सगळं जागच्या जागी बसेल. गुणवंतच्या लक्षात आलं की आपले हात कीपरसारखे मांडीवर पसरलेत. त्याने ते खिशात घातले.

गोडदेवात इमारती इतक्या खेटून होत्या की ऊन रस्त्यापर्यंत पोचतच नव्हतं. दोन सातमजली इमारतींच्या मधे एक कौलारू घर अजून तग धरून होतं. ओटीवर एक बाई बोंबील निवडत बसली होती. ‘विठू भोईर इथेच राहतात का?’ त्याने विचारलं. तिने मान वर न करता आत हाक मारली, ‘आवो, कोन तरी आयलाय. बिल्डर हाय वाटतं.’ ‘बिल्डर असंल तर सांग न्हाय म्हनून,’ आतून आवाज आला. ‘मी गुणवंत पेडणेकर,’ गुणवंत जरा मोठ्याने म्हणाला. मग विठू बाहेर आला. बनियन, हाफ पँट, पोट सुटलेलं, केस सगळे पांढरे. डोळे मात्र तेच. ते डोळे गुणवंतवर एकदा फिरले, खालून वर, आणि हातांवर थांबले. ‘बोटा वाकली तुमची बी,’ विठू म्हणाला. ‘बसा. सुलू, पानी दे यांना.’ मग दोघे ओटीवर बसले. विठू समोर भिंतीकडे बघत बसला. भिंत शेजारच्या इमारतीची होती, तिच्यावरून पाइप गळत होता. नगरपालिकेच्या पाणी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस तो पाइप बघून वैतागला असावा.

‘तो चंदन शहा तुमच्याकडे आला होता?’ गुणवंतने विचारलं. मैदानात तो विठूला अरेतुरे करायचा, पण आता जीभ वळली नाही. ‘आल्ता,’ विठू म्हणाला. ‘मी म्हनलो, मना टेजबिज नको. मी काय खेललो तिथवर? तुमी खेललाव, तुमी बसा.’ हे टोमण्यासारखं वाटलं आणि गुणवंतला धीर आला. तो म्हणाला, ‘त्या चाचणीत तुम्ही अडतीसवर होता. मी अपील केलं. तुम्हाला लागलं नव्हतं. मला माहीत होतं. मी पॅडचा आवाज ऐकला होता आणि तरी ओरडलो. तुमची मुंबई मी खाल्ली.’ बोलून झाल्यावर छाती हलकी व्हायला हवी होती. झाली नाही. सुलूचा बोंबील निवडणारा हात थांबला. विठूने मान वळवली आणि कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे पाहिलं.

‘कोन बोलला लागला न्हवता?’ विठू म्हणाला. ‘लागला व्हता. वरच्या ग्लोजला. या हिथं.’ त्याने डाव्या हाताच्या करंगळीखालची जागा उजव्या बोटाने दाबून दाखवली. ‘आधी ग्लोज, मंग पॅड. मी काय बाहेर चालत गेलो, ते उगाच? लागला नसता तर मी त्या परुळेकराचा कोट फाडला असता. माजी जीभ तवा काय आवरत व्हती व्हय?’ गुणवंतने ऐकलं आणि त्याला पहिल्यांदा हसू आलं. किती साधा डाव. ‘मला सोडवायला खोटं बोलू नका,’ तो म्हणाला. ‘मी त्यासाठी आलो नाही.’ आणि तेव्हा विठू खरोखर भडकला. ‘तुमाला सोडवाला तुमी माजं कोन?’ तो म्हणाला, ‘छत्तीस वर्सांनी येऊन माज्या ओटीवर माज्याच आऊटचा हिशोब मना सांगताव? लेगचा बॉल सोडाचा, तर म्या बॅट घातली. बापूस बोलला, तुजी चूक. म्या बोललो, माजीच. तवापासून ती माजी हाय. ती बी तुमी घेऊन जाताव काय आता, मोठं लोक?’ सुलू म्हणाली, ‘आवो, हलू बोला.’ ‘हलू काय,’ विठू म्हणाला, पण आवाज उतरला. ‘आनि मुंबय काय, दोन सालांनी मना बोलवलाच व्हता परत. तवा पानी खात्यात पर्मनंट करीत व्हते. म्या न्हाय गेलो. पोरगी झाली व्हती, बापसाचं पाय मिठानं फाटलेलं. मना काय त्याचा दुख न्हाय.’

गुणवंतला पाणी हवं होतं. तांब्या हाताशी होता, पण त्याने घेतला नाही. ‘मग तुम्ही तसं बघितलंत का?’ त्याने विचारलं. ‘जाताना. माझ्याकडे.’ आवाज त्याला स्वतःलाच केविलवाणा वाटला. विठूला आधी आठवेना. मग आठवलं आणि तोंडावर हलकंसं हसू आलं, त्या दुपारचं पहिलंच. ‘नवल वाटला,’ तो म्हणाला, ‘तुमी त्यो पकरलाव कसा म्हनून. आमी ड्रेसिंगमदी बोलाचो, पेडणेकर मागं हाय, लेगला बिनधास्त खेलाचा. आनि नेमका माजाच पकरलाव!’ तो हे शिवी म्हणून बोलत नव्हता. नळाला पाण्याचा दाब का येत नाही ते सांगावं तशा खात्याच्या आवाजात बोलत होता. ‘लेगला तुमचा पाय उशिरा जायाचा. डावा. आदी हात जायाचं, मंग पाय. जवर वजन उजव्या पायावर, तवर मानूस कसा जानार तिकडं? खालच्या खेलातलं बॉलर असलं की चालून जायाचा, वरच्या खेलात कसा चालंल? टीवीवर मी बगला ना तुमची ती मॅच. चौथी. बॉल लेगला पडला तवाच मी हिला बोललो, ह्यो सुटला.’

सुलूने मान डोलावली. म्हणजे तेव्हा, त्या दिवशी, गुणवंत हजार मैलांवर हवेत असताना, डोळेबिळे काही नव्हते, इथे ओटीमागच्या खोलीत दोन माणसं चहा पीत बसली होती आणि त्यांना आधीच कळलं होतं. गुणवंतने मनातल्या मनात तो चेंडू पुन्हा सोडला. वजन कुठे होतं? उजव्या पायावर. तिसऱ्या सामन्यातला? उजव्या पायावर. चाचणीतला, तो पकडलेला? त्यालाही उशीरच झाला होता, म्हणून तर झोकून द्यावं लागलं, म्हणून तर कानांनी ग्लोव्ह ऐकला नाही, नुसता पॅड ऐकला. तीन चेंडू, आणि तिन्हींत पाप नव्हतं, नजर नव्हती, एक डावा पाय होता. संध्याकाळी नेटमध्ये दोन महिने शंभर शंभर चेंडू घेतले असते तर सुधारण्यासारखी गोष्ट. चाळीस सामने त्याच्याकडून कोणी हिरावले नव्हते. ते मुळात नव्हतेच. इतक्या वर्षांचं जपून ठेवलेलं दुःख त्याच्या हातातून असं सहज काढून घेतलं गेलं की मुठी आवळायलाही वेळ मिळाला नाही. त्याला विठूचा गळा धरावासा वाटला. कोणाचा तरी धरावासा वाटला. कॅप्टन, कोच, ते शेंगदाणे खाणारे परुळेकर, पेपरात ‘सुरक्षित हात’ लिहिणारे, बँकेतले, चाळीतले.

‘सगळ्यांना माहीत होतं?’ त्याने विचारलं.

‘सगल्यांना,’ विठू म्हणाला.

‘मग मला कोणी सांगितलं का नाही?’ गुणवंत ओरडला. पाइप गळत होता. वरच्या मजल्यावरून कोणीतरी खिडकीतून डोकावलं. विठूने तांब्या उचलून त्याच्यापुढे धरला आणि त्याच्या वाकड्या बोटांना तो नीट धरता येईपर्यंत खालून आधार देऊन ठेवला.

‘तुमी कुनाला इचारलाव?’ तो म्हणाला.